हाऊसबोटीचा इसार देण्यापूर्वी



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले, खोडव्याला खताची मात्रा देऊन झाली, की गावोगावच्या पारांवर सहलीच्या गोष्टी निघू लागतात. पूर्वी ह्या गोष्टी पंढरपूर-तुळजापूरपासून सुरू होऊन फार तर काशी-रामेश्वरापर्यंत पोचत. हल्ली त्यांत केरळचे नाव हटकून येते. घरातली पोरं मोबाइलवर फोटो दाखवितात. नारळीच्या रांगा, संथ पाणी आणि त्यावर चटईच्या छपराची लांबलचक नाव. "आबा, अख्खी बोटच आपल्या घरची घेऊ, दुसरं कुणी नको," असे नातवाने म्हटले की आबाही विरघळतात आणि त्याच रात्री कुठल्या तरी अनोळखी खात्यावर इसार पाठविला जातो.

इसार पाठवायला आमची हरकत नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस बायकापोरांना घेऊन हिंडावे, ह्यात गैर ते काय? परंतु बैल घेताना दात पाहणारा, विहिरीवर मोटर बसविताना दहा ठिकाणी चौकशी करणारा आपला शेतकरी बोट घेताना मात्र निव्वळ फोटोवर भाळतो, हे आम्हांस बरे वाटत नाही. कार्यालयात ह्याबाबत विचारणा करणारे सभासद वाढत चालले आहेत, म्हणून ह्या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

अख्खी बोट भाड्याने घेऊन सुट्टी काढण्याचा प्रकार जगात पुष्कळ ठिकाणी आहे. ग्रीस, क्रोएशिया अशा देशांच्या किनाऱ्यावर शिडाची यॉट आठवड्याच्या बोलीने मिळते आणि ज्याच्याजवळ रीतसर दाखला आहे त्याला ती स्वतः हाकताही येते. आपल्या खिशाला झेपेल आणि आपल्या आजी-आजोबांना मानवेल असा प्रकार म्हणजे केरळची हाऊसबोट. ती हाकणारा आणि शिजविणारा माणूस बोटीबरोबरच येतो. तेव्हा आपण काही निस्ती खोली भाड्याने घेत नाही. चालते वाहन, त्यावरची माणसे आणि त्यांच्या हाती आपला जीव, असा तो सगळा सौदा आहे. हॉटेलची खोली वाईट निघाली तर एक रात्र खराब जाते. बोट वाईट निघाली तर काय होते ते पुढे सांगणार आहोत.

नाव मूळची कोणाची

अलेप्पी, म्हणजे आजचे आलप्पुळा, आणि तेथून जवळचे कुमारकोम ही हाऊसबोटींची दोन मुख्य ठिकाणे. दोन्ही वेंबनाड तलावाच्या काठी. हा तलाव आपल्या देशातला सर्वांत लांब तलाव मानला जातो. नद्यांचे गोडे पाणी एका बाजूने येते, समुद्राचे खारे पाणी दुसऱ्या बाजूने शिरते आणि मधल्या सखल मुलखात कालव्यांचे जाळे पसरलेले आहे. ह्या मुलखाला कुट्टनाड म्हणतात.

तिथली जुनी मालवाहू नाव म्हणजे 'केट्टुवळ्ळम'. केट्टु म्हणजे बांधणे, वळ्ळम म्हणजे नाव. आंजिली नावाच्या रानफणसाच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, फटींत काथ्याच भरायचा आणि वरून काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा लेप द्यायचा. सबंध नावेला खिळा म्हणून नाही. अशा नावांतून कुट्टनाडचा तांदूळ कोचीच्या बाजारात जात असे. पुढे पूल झाले, रस्ते झाले, मालट्रक आले आणि ह्या नावा काठाला कुजत पडल्या. आपल्याकडे मोटा गेल्या, गुऱ्हाळांचे लाकडी घाणे गेले, तसाच प्रकार. १९९० नंतरच्या दशकात कोणाच्या तरी डोक्यातून निघाले की ह्याच नावेवर छप्पर वाढवून खोल्या कराव्यात आणि पाहुणे फिरवावेत. आज अशा बोटी शेकड्यांनी आहेत. पुष्कळशा नव्याच बांधलेल्या, काही दुमजली, काचेच्या खिडक्या आणि वातानुकूलन यंत्रे असलेल्या. जुनी शिवलेली नाव हवी की नवी, हे आधी विचारावे. दोन्हींची मौज वेगळी आहे आणि दरही.

कागद आधी, फोटो मागून

ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर आणण्यापूर्वी पासिंग, विमा आणि चालकाचा परवाना लागतो. बोटीचेही तसेच आहे. देशांतर्गत जलवाहतुकीचा १९१७ सालचा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा झाला. केरळात बोटींच्या नोंदणीचे काम केरळ मेरिटाइम बोर्डाकडे आहे. प्रत्येक हाऊसबोटीला नोंदणी क्रमांक असतो, ठराविक मुदतीने तिची तपासणी होऊन दाखला मिळतो, विमा असतो आणि तिच्यावर किती माणसे घ्यावीत हेही ठरलेले असते. बोट हाकणाऱ्याला सारंगाचा परवाना लागतो (आपल्या कोकणात सारंग म्हणतात, तोच हा शब्द), इंजिन पाहणाराही दाखलेवाला असावा लागतो.

आता सहलीला निघालेला माणूस हे सारे तपासत बसणार काय, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे, फार काही करावे लागत नाही. इसार देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागवाव्यात. बोटीचे नाव आणि नोंदणी क्रमांक, दाखल्याची मुदत कधी संपते, आणि दाखल्यावर माणसे किती लिहिली आहेत. ज्याचा व्यवहार सरळ आहे तो पाच मिनिटांत मोबाइलवर दाखल्याचा फोटो पाठवितो. जो म्हणतो, "साहेब, बोट तिथे आल्यावर ठरवू, सगळ्या सारख्याच," त्याच्याकडून बोट घेऊ नये. वजनकाट्यावर गाडी चढविण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, हे आपण पाहतोच की नाही? त्यात कोणावर अविश्वास दाखविल्यासारखे होत नाही.

केरळच्या पर्यटन खात्याने हाऊसबोटींना गोल्ड स्टार आणि सिल्व्हर स्टार अशी प्रतवारी लावलेली आहे. पर्यावरणाचे नियम पाळणाऱ्या बोटींना ग्रीन पाम नावाचे प्रमाणपत्र आहे. एजंट मंडळी मात्र डिलक्स, प्रीमियम, लक्झरी असे शब्द वापरतात. हे शब्द त्यांचे स्वतःचे आहेत. एकाचे प्रीमियम ते दुसऱ्याचे डिलक्स असू शकते. त्या शब्दांवर जाऊ नये, काय मिळणार ते विचारावे.

नमुना म्हणून आमच्याच कार्यक्षेत्रातली गोष्ट सांगतो. पाच कुटुंबांनी मिळून पाच खोल्यांची एक बोट ठरविली होती. निम्मे पैसे आधी पोचते केले. धक्क्यावर गेल्यावर कळले की ती बोट "दुरुस्तीला" आहे आणि तिच्याऐवजी एक तीन खोल्यांची व एक दोन खोल्यांची अशा दोन बोटी मिळतील. लेखी काहीच नव्हते, संदेशांत बोटीचे नावही नव्हते. वाद घालण्यात दोन तास गेले. आणि गंमत पाहा, हे दोन तास त्यांच्याच फिरण्यातून वजा झाले. कारण संध्याकाळी बोट थांबण्याची वेळ वादामुळे पुढे सरकत नाही. म्हातारी माणसे एका बोटीत आणि त्यांना हात देणारी तरणी पोरं दुसरीत, अशी रात्र काढून मंडळी परत आली.

एकवीस तासांतले चालण्याचे तास किती

बहुतेकांची फसगत इथे होते, आणि यात कोणी फसविलेलेही नसते. साधारण रिवाज असा की दुपारी बारा वाजता बोटीवर चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता उतरायचे. म्हणजे हिशेबाने एकवीस तास. परंतु बोट रात्री चालत नाही. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास ती काठाला बांधतात. अंधारात चालविणे धोक्याचे, आणि रात्री तलावात कोळी लोकांची जाळी लागलेली असतात. ते पाणी त्या वेळी त्यांचे असते. मधे दुपारच्या जेवणासाठी तासभर थांबतात. सकाळी न्याहारीच्या आगेमागे थोडे फिरवून धक्क्याला आणतात. तेव्हा प्रत्यक्ष पाण्यावर चालण्याचे तास पाच-सहाच भरतात. हे ठाऊक असले म्हणजे मन खट्टू होत नाही. बारा वाजता पोचायचे ते बाराच्या आत पोचावे, हा त्यातला खरा शहाणपणा. रेल्वे उशिरा आली आणि आपण तीन वाजता धक्क्यावर गेलो, तर हाती अडीच तासच राहतात आणि पैसे मात्र पुरे द्यावे लागतात. त्यासाठी आदल्या रात्री अलेप्पीत किंवा कोचीत मुक्काम करणे परवडते.

वातानुकूलनाची गोष्टही तशीच. स्वस्त बोटींत ते रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंतच चालू असते, तेही फक्त निजायच्या खोलीत. दिवसभर हवे असेल तर तशी बोट घ्यावी लागते आणि दर वाढतो. रात्री वीज काठावरून घेणार की जनित्र लावणार, हे विचारून ठेवावे. जनित्राची धडधड उशाशी चालू राहिली तर शांत पाण्यावर निजण्याची हौस काही फिटत नाही.

नुसते फिरायचे असेल तर रात्रीचा मुक्काम न करता सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत दिवसाची बोट मिळते. फिरणे जवळपास तेवढेच होते आणि खर्च बराच कमी येतो. लहान मुले आणि गुडघ्यांनी आजारी माणसे बरोबर असतील तर आम्ही तर हाच मार्ग सुचवू.

एक गोष्ट आणखी. हाऊसबोट मोठी असते, ती अरुंद कालव्यांत शिरत नाही. फोटोंत दिसतात ती दारापुढून पाणी वाहणारी घरे, भातखाचरांच्या मधल्या वाटा, हे जवळून पाहावयाचे असेल तर शिकारा किंवा लहान वल्ह्याची होडी वेगळी करावी लागते. ती दरात धरली आहे की नाही, हे आधीच विचारावे.

जिवाची गोष्ट

आता जे सांगणार होतो ते. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातल्याच थेक्कडीच्या जलाशयात पर्यटकांची दुमजली बोट उलटली. काठावर जनावरे दिसली म्हणून माणसे एका अंगाला धावली आणि बोट कलंडली, असे त्या वेळी सांगण्यात आले. ४५ माणसे गेली. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे, दिवेलागणीनंतर, क्षमतेहून जास्त माणसे भरलेली दुमजली बोट उलटली. २२ जण बुडाले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. ह्यांतली एकही हाऊसबोट नव्हती, हे खरे. परंतु बोट उलटण्याची कारणे बोटीची जात पाहून येत नाहीत. जास्त माणसे, तीही वरच्या मजल्यावर, सगळी एका बाजूला, आणि अंगात जाकीट नाही. एवढे जुळून आले की झाले.

आपल्या मंडळींची एक सवय आम्हांला ठाऊक आहे. दहा जणांची बोट ठरवायची आणि धक्क्यावर तेरा उभे राहायचे. "पोरं काय, मांडीवर बसतील." उसाच्या गाडीवर दोन मोळ्या वर टाकल्या तर फार तर आट्या तुटतो. पाण्यावर तसे चालत नाही. मुलाचेही डोके मोजले जाते आणि ते मोजावेच. दाखल्यावर दहा असतील तर दहा. दिवसा फिरण्यासाठी आणि रात्री मुक्कामासाठी माणसांचा आकडा वेगळा असू शकतो, तोही पाहावा.

चढल्याबरोबर, सरबताचा पेला हातात घेण्याआधी, जाकिटे कुठे आहेत ते विचारावे. कपाटात कोंबलेली, बंद तुटलेली जाकिटे म्हणजे जाकिटे नव्हेत. प्रत्येकाच्या मापाचे आहे काय? लहान मुलांच्या मापाची वेगळी असतात, मोठ्याचे जाकीट चार वर्षांच्या पोराला घातले तर पोर त्यातून खाली निसटते. एकदा सर्वांनी घालून, बंद लावून पाहावीत. खलाशी हसतील, हसू द्यावे. आपल्या सभासदांच्या घरांतली निम्मी माणसे विहिरीवर पोहायला शिकलेली आहेत हे आम्ही जाणतो, पण लुगडे-पातळ नेसून, अंधारात, जलपर्णीत पोहायला कोणी शिकलेले नाही.

गॅसची शेगडी मागच्या बाजूला असते. आग विझविण्याची नळकांडी तिच्याजवळ टांगलेली आहेत ना, हे पाहून ठेवावे. बोट लाकडाची, छप्पर बांबू आणि चटयांचे, दुसरे काय सांगायचे? रात्री बोट काठाला लागल्यावर कठड्यावर बसून बाटल्या उघडणाऱ्यांना आम्ही शहाणपण शिकवू इच्छित नाही. बरोबरच्या बायामाणसांनी त्यांना कठड्यापासून आत बसवावे, म्हणजे झाले.

तलावाच्या खालची शेती

इतके सगळे सांगितल्यावर कोणी विचारील की मग जायचे तरी कशाला? आमचे उत्तर असे, की ऊस पिकविणाऱ्या माणसाने कुट्टनाड पाहावेच. बोटीच्या वरच्या मजल्यावर बसून शहरातला पाहुणा नारळी पाहतो. आपण बांधाकडे पाहावे. पाणी वर आहे आणि भात खाली. कुट्टनाडची पुष्कळशी शेती समुद्रसपाटीच्या खाली, चार फुटांपासून दहा फुटांपर्यंत खाली आहे. तलावात चिखलमातीचे बांध घालून, आतले पाणी उपसून ही जमीन काढलेली. १९४० च्या दशकात जोसेफ मुरिक्कन नावाच्या शेतकऱ्याने चित्तिरा, मार्तंडम आणि राणी असे तीन मोठे टापू तलावातून बाहेर काढले. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने ह्या शेतीपद्धतीची जगातल्या जतन करण्याजोग्या शेतीवारशात नोंद केली. डॉ. एम. एस. स्वामिनाथन ह्यांच्या घराण्याचे गाव मंकोंबु, ते ह्याच मुलखात. तिथे भाताचे संशोधन केंद्रही आहे.

ही शेती एकट्यादुकट्याने होत नाही. एका बांधाच्या आत असलेल्या सर्वांच्या शेतांचा मिळून एक गट, त्याला पाडशेखरम म्हणतात. पाणी उपसायचे ते सर्वांनी मिळून, बांध राखायचा तो सर्वांनी मिळून. एकाने हयगय केली तर सगळ्यांचे भात पाण्यात. सहकाराचे ह्याहून उघडे उदाहरण आम्हांला तरी दुसरे आठवत नाही. पूर्वी पाण्याची चाके पायांनी फिरवून उपसा करीत, नंतर 'पेट्टी आणि परा' नावाचा लाकडी पेटीचा पंप आला, तो अजून पाहावयास मिळतो. बोटीवाल्यास सांगितले तर तो दाखवितो. त्यालाही बरे वाटते, कारण त्याला हे कोणी विचारीत नाही.

खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे १९७६ पासून दरवाजांचा मोठा बंधारा काम करतो. डिसेंबरच्या मध्याला दरवाजे बंद करायचे आणि भात निघाला की उघडायचे, असा क्रम. भातवाला म्हणतो, अजून थोडे दिवस बंद ठेवा. कोळी म्हणतो, लवकर उघडा, माशांची ये-जा थांबली. खारे पाणी येईनासे झाल्याने जलपर्णी मरत नाही, ती माजते. आपल्याकडे कालव्याच्या आवर्तनावरून वरचा आणि खालचा शेतकरी जसे भांडतात, तसेच हे, फक्त इथे भांडण पाणी सोडण्याऐवजी अडविण्यावरून.

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात हा सारा मुलूख बुडाला आणि कुट्टनाडच्या माणसांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. त्या दिवसांत पाहुणे फिरविणाऱ्या ह्याच हाऊसबोटी माणसे काढण्याच्या कामी लागल्या होत्या.

म्हणून पाण्यात काय टाकतो त्याचा विचार पाहिजे. काठावरच्या पायऱ्यांवर बाया धुणे धुतात, पोरं आंघोळ करतात, भांडी तिथेच घासतात. चहूकडे पाणी असून प्यायचे पाणी पुष्कळ घरांना बाहेरून आणावे लागते. बोटीतल्या संडासाचे पाणी टाकीत साठवून प्रक्रिया केंद्रावर रिकामे करावे, असा नियम आहे. आपल्या बोटीला अशी टाकी आहे काय आणि ती कुठे रिकामी होते, हे विचारावे. मळीच्या पाण्याने ओढ्याची काय दशा होते हे आपणांस कोणी सांगावयास नको. आणि पायऱ्यांवरच्या बायांचे फोटो काढू नयेत. आपल्या पाणवठ्यावर कोणी असे केलेले आपण खपवून घेऊ काय?

जाता जाता एक गोष्ट ऊसवाल्यांसाठी. पंपा नदीच्या काठी पूर्वी ऊस होता आणि त्या भागातल्या गुळाला आज भौगोलिक मानांकनही आहे. अलेप्पीहून तासाभराच्या वाटेवर तिरुवल्ला आहे, तिथे साखर कारखानाही होता. साखर कधीच बंद पडली. आता त्याच संस्थेत 'जवान' नावाची रम तयार होते. ह्यावर आम्ही काही टीका करीत नाही. सभासदांनी आपापसात काय ती करावी.

कधी जावे, आणि जेवणाचे

भात हिरवेगार पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारी. मार्च-एप्रिलात कापणी चालते. त्यानंतर शेते मोकळी किंवा पाण्याखाली. अडचण एवढीच की जानेवारीत आपली तोड सुरू असते. ज्याच्या उसाला पाळी आलेली नाही त्याने तारीख पक्की करू नये, निदान ती बदलून मिळेल असे लेखी घ्यावे. तोडणी टोळी फडात आणि मालक अलेप्पीत, हे बरे दिसत नाही. २० डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दर सर्वांत चढे असतात. एप्रिल-मेमध्ये उकाडा आणि घाम, पण मुलांच्या शाळा बंद असतात. जूनपासून पाऊस. पावसात दर उतरतात आणि देखावा सुंदर असतो, मात्र हवामानाचा इशारा आला की जिल्हा प्रशासन बोटी बंद करते. अशा वेळी पैसे परत की दुसरी तारीख, हे आधी ठरवून घ्यावे. नेहरू करंडकाच्या सर्पनौकांच्या शर्यतीसाठी ऑगस्टचा दुसरा शनिवार धरण्याची परंपरा आहे, पण अलीकडे ती पुढे गेलेली आहे. २०२४ साली २८ सप्टेंबरला झाली आणि २०२५ साली ३० ऑगस्टला. तारीख जाहीर झाल्याशिवाय तिकिटे काढू नयेत.

दुपारचे जेवण, चहाबरोबर केळ्याची भजी, रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी हे सहसा दरात असते. भात जाड, तांबूस. तेल खोबऱ्याचे. करिमीन नावाचा मासा हा तिथला मान. वाटेत बोट एखाद्या काठाला लावतात, तिथे कोळंबी आणि मासे विकायला असतात, भाव पाहुण्यांचे असतात. घेतलेच पाहिजे असे नाही. आपली माळकरी मंडळी बरोबर असतील तर शाकाहाराचे आणि वेगळ्या भांड्यांचे इसाराच्या वेळीच सांगावे, बोट सुटल्यावर काठावरचा वाणी दूर राहतो. ज्यांना भाकरीशिवाय चालत नाही त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी. आचाऱ्याला थोडी चटणी दिली तर तोही खूश होतो.

दर आम्ही छापत नाही. ते हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात. तीन ठिकाणी विचारावे, आणि विचारताना खोल्या, माणसे, वातानुकूलनाचे तास, जेवणे, कर धरून की वेगळा, हे सर्वांना एकसारखे विचारावे, तरच तुलना होते. अलेप्पीत बोटीच्या धक्क्याजवळ जिल्हा पर्यटन विकास परिषदेचे कार्यालय आहे, तिथे चौकशी करता येते. स्टेशनावर भेटणाऱ्या दलालाच्या मागे जाऊ नये.

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट अलेप्पीवरून जाते. एर्नाकुलमला उतरल्यास पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता आहे.

आणि ज्यांचे ह्या वर्षी बजेट बसत नाही त्यांच्यासाठी. केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याच्या प्रवासी बोटी अलेप्पीच्या धक्क्यावरून रोज सुटतात. आपली एस.टी. तशा त्या. अलेप्पीहून कोट्टायमपर्यंतची बोट सुमारे अडीच तासांत जाते, तिकीट अगदी मामुली, आणि वाटेत तेच कालवे, तेच बांध, तीच भातशेते. शाळेची मुले चढतात-उतरतात, मासळीच्या टोपल्या येतात. वेळापत्रक धक्क्यावर लावलेले असते, ते आदल्या दिवशी जाऊन पाहून ठेवावे. खिडकीकडची जागा मिळवायची तर अर्धा तास आधी पोचावे लागते.